रावणाची मिशी

मारुतीचं शेपूट कशाचं करतात, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर लिहून दुकानाच्या दाराला चिकटवायला हवं होतं. तर ऐका. वेताच्या काठीला बाक द्यायचा, तिच्यावर चिंध्या गुंडाळायच्या, वरून तपकिरी कापडाची खोळ आणि टोकाला सुताचा गोंडा. कमरेला पट्टा, आणि पट्ट्याला आतून दुहेरी दोरी. दोरी एकेरी ठेवलीत तर मारुती लंकेत पोचतो आणि शेपूट अलीकडेच राहतं. आमच्या हातून एकदा तसं झालंय, पण ते काही मी इथे सांगणार नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला, ‘पुराणातले वीर आणि आजचे वीर’. मी म्हटलं, अहो, एखाद्या विद्वानाला गाठा, मी आपली पोशाखवाली बाई. तर ते हसून म्हणाले, “आजी, दोन्ही जातीच्या वीरांना कपडे तुम्हीच चढवलेत की!” लिहायला बसले.

पनवेलच्या बाजारात आमचं दुकान होतं. नाटकाचे पोशाख, मुकुट, गदा, धनुष्यं, पडदे, सगळं भाड्याने मिळायचं. आमचे हे रंगारी. पडदे रंगवायचे आणि नटांचे चेहरेही. मी शिवणकाम करायची आणि रंग खलायची. दिवाळी उलटली की अक्षय तृतीयेपर्यंत उसंत नसे. गव्हाण, उलवे, रोडपाली, खाडीच्या दोन्ही अंगांना जत्रा आणि नाटकं. ट्रंका बैलगाडीत टाकायच्या, जिथे गाडी जात नाही तिथे होडीत. भीमाची गदा म्हणजे वाळवलेला भोपळा, त्यावर कागदाचा लगदा, वरून बेगड. कर्णाची कवचकुंडलं पुठ्ठ्याची. अर्जुनाच्या दंडांत कापूस. हो, कापूस! बाह्या दुहेरी शिवून आत भरायचा. इथल्या शेतावर राबणाऱ्या पोरांना त्याची गरज नसे, पण बाजारातल्या पोरांना असे.

असाच बाजारातला एक काडीपैलवान एकदा अर्जुनाचा पोशाख घेऊन गेला. नाटकबिटक काही नाही, फोटो काढायचा होता. तो फोटो त्याने मुलीकडे पाठवला आणि अहो, लग्न जमलं! पुढे ती मुलगी नवी नवरी म्हणून बाजारात भेटली, तेव्हा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “काकी, त्या फोटोतले दंड तुमच्या दुकानातले का हो?” मी म्हटलं, “बाई गं, दंड आमचे, पण माणूस तुझाच आहे, सांभाळून घे.” तिने सांभाळला. संसार छान झाला त्यांचा.

तर वीर कसे बदलत गेले, ते मी ट्रंकांवरून सांगू शकते. आधी फक्त मुकुटांची ट्रंक रिकामी व्हायची. स्वातंत्र्य आलं तशी शाळांना खादीच्या टोप्या आणि काठ्या हव्या झाल्या. नंतर सीमेवर लढाई झाली आणि जो तो जवानाचा खाकी पोशाख मागायला लागला. भीम आणि मारुती आत डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिले. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? खाकी कपडा शिवायला सोपा, पण त्यात जीव रमत नाही. मखमलीवर जर टाचायला बसलं की दुपार कशी जायची कळायचं नाही. आजही डोळे मिटले की बोटांना सुई आठवते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट मुकुटांच्या काळातली. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या ह्यांना जाऊनही तितकीच. तापाचं निमित्त झालं आणि धडधाकट माणूस गेला. लोक म्हणाले, ट्रंका विकून टाक, माहेरी जा. मी म्हटलं, रंग मी खलत होते, चेहरे बघत होते, आता रंगवीन. ट्रंका विकायला मी काय मेले होते?

खाडीकाठच्या एका गावाचं चैत्री पौर्णिमेचं नाटक आमच्याकडे पिढीजात होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. भात पिकवणारं आणि मीठ काढणारं गाव. हनुमान जयंतीला दुपारी सोंगांची मिरवणूक, मग देवळात आरती, आणि दिवस कलता नाटक. प्रत्येक सोंग एकेका घराचं. मारुती पाटलांच्या घरचा, रावण जोमाच्या घरचा. बापाकडून मुलाकडे, जमिनीसारखं.

आणि नेम कडक. एकदा मारुतीच्या अंगावर शेंदरी रंग चढला की त्याला नावाने हाक मारायची नाही. आरती होईपर्यंत त्याने शेपूट सोडायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. तो तेव्हा देव. आणि रावणाने देवळाची पायरी चढायची नाही. नाटक संपून खाडीत आंघोळ होईपर्यंत त्याला गावात कोणी पाणी देत नसे, बायकोसुद्धा. वर्षभरात गावात जन्मलेली मुलं आरतीनंतर मारुतीच्या मांडीवर देत. मारुती ब्रह्मचारी, म्हणून बायका पुढे जात नसत. बापानेच मूल द्यायचं.

मी पहिल्यांदा एकटी गेले, तेव्हा गावकीचे म्हातारे गोमानाना पाटील मला बघून पुढे आले. मग हळूच म्हणाले, “काकी, राग मानू नको. बाईमानसानी मारुतीला हात कसा लावाचा?”

“मग रावणाला?” मी विचारलं.

“रावनाला काय, कोनी पन लावा!”

झालं. देवळाबाहेर पिंपळाखाली माझं बस्तान. एका बाजूला मारुती, म्हणजे पाटलांचा हसुराम. हा उंचापुरा गडी, एका हाताने बैलगाडीचं चाक उचलायचा. दुसऱ्या बाजूला जोमा. मिठागरावर राबून काळा ठिक्कर पडलेला, अंगाने बेताचा, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागत. मी जोमाच्या गालावर बोट फिरवायची आणि तसंच हसुराम आरशात बघून आपल्या गालावर फिरवायचा. दोघे बालपणीचे मित्र, एकमेकांचे चेहरे बघून हसत सुटायचे आणि माझ्या रेषा वाकड्या व्हायच्या.

त्या दिवशी मात्र जोमा हसत नव्हता. मी त्याला मिशी लावत होते. मिशीचं सांगते. जाळीच्या कापडावर एकेक केस ओवून ती करतात. राळ स्पिरिटमध्ये विरघळवायची, ओठावर लावायची, वाळत आली की मिशी दाबून धरायची. आमच्या ह्यांची राळ अशी पक्की की घाम येवो, पाणी लागो, मिशी हलायची नाही. मिशी दाबून धरलेली असताना माणसाला बोलता येत नाही. मी बोट काढलं तशी तो म्हणाला, “काकी, येक डाव मना मारुती करा ना.”

“मी कोण करणारी? गावकीला विचार.”

“इचारला. नाय म्हनतान. घरान्याचा सोंग हाय म्हनं.”

मग त्याने सांगितलं. त्याची आणि ठमीची, म्हणजे त्याच्या बायकोची, आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. गावात कुजबुज होती, रावणाच्या घरात पोर कसं जगेल? आता तिसरा मुलगा झाला होता, पाच-सहा महिन्यांचा. आज तो मारुतीच्या मांडीवर जायचा होता, पण बाप रावण. म्हणून मूल मामा नेणार आणि जोमा बाहेर पिंपळाखाली बसणार. “हा तरी ऱ्हाव दे म्हनून देवाकरं मागाचा, तर मनाच देवासमोर जावा देईत नाय,” तो म्हणाला आणि खाली बघत बसला. माझ्या काजळाची काडी हातातच राहिली. समोर हसुराम शेंदरी हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता.

मिरवणूक निघाली. पुढे ढोल, मागे सोंगं. जोमाच्या खांद्यांवर बांबूच्या पट्टीला नऊ तोंडं. दुपारची वेळ. पौर्णिमेला आमच्या खाडीला भर दुपारी उधाण येतं. मिरवणूक देवळाच्या वळणावर आली आणि खाडीकडून एक माणूस ओरडत धावत आला, “बांद फुटला! खांड परली! पानी आत चाल्लाय!”

जे खाडीकाठचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध असतो. त्याला भगदाड पडलं की ती खांड. पाणी आत आलं की मिठागरातलं रचलेलं मीठ तासाभरात विरघळून जातं. ते एक वेळ सोसेल, पण शेतात खारं पाणी शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं रोप धरत नाही. त्या एका भगदाडातून अख्ख्या गावाचं अन्न जातं.

ढोल तिथेच पडला. राक्षस, वानर, सीतेचं सोंग घेतलेला नारायण, सगळे लुगडी-धोतरं खोचून धावले. मीही धावले. माझे पोशाख धावत होते ना!

खांड दोन माणसं आडवी झोपतील एवढी होती आणि पाण्याचा लोंढा काठाची माती खेचून ती रुंद करत होता. बांबू ठोकत होते, पेंढ्याचे भारे टाकत होते, चिखलाच्या ढेपा हातोहात येत होत्या. पण टाकली ढेप की गेली वाहून. पाण्याचा जोर मोडायला कोणीतरी खांडीत उभं राहायला हवं होतं. जोमाने खांद्यावरची पट्टी ओढून काढली, “काकी, तोंडा सांबाला!” म्हणत नऊ तोंडं माझ्या अंगावर फेकली आणि छातीभर पाण्यात उतरला. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण. हातात हात घालून उभे राहिले, पण मधोमध जोमा, आणि अंगाने तो बेताचा. लोंढ्याबरोबर हेलपाटत होता. पाय सुटला असता तर थेट बांबूंच्या टोकांवर.

आणि गावातला सगळ्यात दांडगा गडी बांधावर शेपूट धरून उभा होता!

हसुराम पुढे झाला, तसे गोमानाना आडवे आले. “तू नाय. तू देव हाईस. आरती झाली नाय, देवाला चिखल लागाचा नाय. गावावर कोप हुईल.” दोन म्हातारे त्याचे दंड धरून उभे. हसुरामाच्या शेंदरी तोंडावरून घाम गळत होता. तो घाबरट नव्हता हो. पण लहानपणापासून अंगात भिनलेला नेम मोडायचा कसा? आणि त्याच्या जिवाचा मित्र पाण्यात गटांगळ्या खात होता. मला वाटलं, त्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात एकेक तोंड हाणावं. माझ्याकडे नऊ होती.

तेवढ्यात पाण्यातून जोमाचा आवाज आला. जोमाचा नाही, रावणाचा. तोच नाटकातला, पलीकडची कुत्री भुंकवणारा.

“ए वांदराऽ! शेपूट सांबालत ऱ्हातोस काय थय? रामाचा दूत म्हनवतोस आनि पान्याला भितोस? हिंमत हाय तर ये! हा रावन हितं उबा हाय!”

आणि हसुरामाच्या तोंडावर जे हसू फुटलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो नानांना म्हणाला, “नाना, रावन बोलावताय. मारुतीनी ऱ्हावाचा कसा?”

नानांनी त्या दोघा म्हाताऱ्यांना दंड सोडायची खूण केली. रावणाने ललकारल्यावर मारुतीला अडवायचा नेम त्यांच्याकडे नव्हता. हसुरामाने शेपटासकट उडी घेतली. दुहेरी दोरी होती, शेपूट टिकलं!

मारुती आणि रावण गळ्यात हात घालून खांडीत उभे राहिले. लोंढा त्यांच्या छातीवर फुटायला लागला. आता ढेपा ठरत होत्या, पण मधूनमधून माती अजून सुटत होती. जोमाने मान वळवली आणि ओरडला, “काकी, लंका द्या!”

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं. लंका म्हणजे पडदा. जाड किंतानावर आमच्या ह्यांनी रंगवलेली सोन्याची लंका. कळस, गोपुरं, मागे समुद्र. त्यांनी रंगवलेला शेवटचा पडदा. एका कळसाला सोनेरी रंग द्यायचा राहिला होता, तो मी तसाच ठेवला होता. तो पडदा मांडवात टांगलेला. बांबूंना आतून लावला तर माती सुटणार नव्हती, हे मलाही दिसत होतं.

मी सरळ सांगते, माझ्या मनात आलं की नाही म्हणावं. दुसरं किंतान आणा म्हणावं. पण दुसरं होतं कुठे? मी म्हटलं, “न्या!” आणि पाठ फिरवली. तो चिखलात जाताना मी पाहिला नाही. नऊ तोंडं मांडीवर घेऊन बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. रावणाची तोंडं माझ्या मांडीवर हसत होती, मेली.

खांड बुजली. थोड्या वेळाने ओहोटी लागली आणि पाणी आपोआप मागे सरलं. थोडं मीठ गेलं, शेतं वाचली. माणसं बांधावर आडवी पडली. कुणाच्या अंगावर माझ्या पोशाखाचा धड तुकडा राहिला नव्हता.

गोमानाना उठून म्हणाले, “चला देवलान. आरती ऱ्हायली.”

हसुराम बसल्या जागी म्हणाला, “जोमा येतो काय?”

“रावन देवलान कसा यील रं?”

“मंग मी पन नाय येत.”

आता आली का पंचाईत! मारुतीशिवाय आरती कशी करणार? नानांनी बुजलेल्या खांडीकडे पाहिलं. अवघड माणूस, पण खोटा नव्हता. शेवटी म्हणाले, “आरती हितंच आना.” त्या बांधावर, ओल्या मातीवर आरती झाली. रावण प्रथमच आरतीला उभा होता आणि टाळ्या कशा वाजवायच्या ते विसरल्यासारखा हात जोडून नुसता बघत होता.

मग मुलं आणली. एकेक बाप पुढे येत होता, मारुतीच्या चिखलाने भरलेल्या मांडीवर मूल ठेवत होता. जोमाचा मुलगा मामाच्या हातात होता. मामा पुढे आला. हसुरामाने मूल घेतलं, कपाळाला कपाळ लावलं आणि उठून सरळ शेजारच्या रावणाच्या हातात दिलं. “धर,” तो म्हणाला. “मारुतीनी दिला हाय.”

बायकांत कोणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. ठमी मागे उभी होती, तिने पदर तोंडात धरला. जोमाने पोराला छातीशी धरलं. आणि त्या पोराने काय करावं? समोर काळंभोर काहीतरी दिसलं, घातला हात आणि ओढली! उधाणाच्या लोंढ्यात न हललेली माझी मिशी त्या चिमुरड्या मुठीत सुटून आली.

गाव हसायला लागलं. नाना हसले, हसुराम तर चिखलात लोळला. जोमा हसत होता आणि रडतही होता, काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. ठमी गर्दीतून पुढे आली, हातात पाण्याचा तांब्या. सगळ्यांदेखत तिने तो रावणाच्या तोंडाला लावला. कोणी अडवलं नाही.

आणि मी? सवयीने हात पुढे केला. “आण इकडे ती मिशी, भाड्याची आहे!”

जोमा म्हणाला, “काकी, ऱ्हाऊ द्या त्याचे हातान. निजला की आनून देतो.”

त्याने कधी आणून दिली नाही आणि मी कधी मागितली नाही. ट्रंकेतली सुई हरवली तरी घर डोक्यावर घेणारी मी, पण ती मिशी मात्र विसरले असं दाखवत राहिले.

पुढे काही वर्षांनी त्या गावात गोष्ट ऐकली. मारुतीरायाने प्रत्यक्ष येऊन बांध धरला म्हणे, एकट्याने. मी चिडले. जोमाला म्हटलं, “अरे, तू होतास ना आधी पाण्यात?” तो मिठाचं फावडं टेकून हसला. “काकी, कोनचे कथेन रावन बांद घालतो?” त्याला खरंच काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, अजून वाटतं. म्हणून तर हे लिहिलं. आता तो बांधही राहिला नाही. भराव पडला, इमारती उठल्या. आमच्या ह्यांची लंका खाली कुठेतरी आहे, एका कळसाला रंग नसलेली.

संपादक, तुमचा विषय मी विसरलेले नाही. खाकी पोशाखांची चलती होती, त्या दिवसांतली गोष्ट. त्याच गावची पोरं दुकानात आली. यंदा पौर्णिमेला लढाईचं नाटक करायचं होतं, जवानांचे पोशाख हवे होते. पुराणातलं नाटक नको का, मी विचारलं. ते म्हणाले, त्याचा एखादा प्रवेश करू, म्हाताऱ्यांसाठी. एक पोरगा मागे उभा होता. काळा, अंगाने बेताचा. नायकाचा जवान याच्याकडेच होता, कारण आवाज याचा सगळ्यात मोठा. पण तो सोबत्यांना म्हणाला, जवान दुसऱ्या कोणाला तरी द्या. मग माझ्याकडे वळला.

“काकी, मना रावनाचा द्या. घरान्याचा सोंग हाय.”

मी आतली ट्रंक उघडली. मखमल कसरीने खाल्ली होती, ती झटकली. नऊ तोंडांची पट्टी काढली, कमरपट्टा काढला, आणि मिशांचा डबा उघडून त्याच्या ओठाच्या मापाची एक शोधायला लागले.

“मिशी नको, काकी,” तो म्हणाला. “ती आमचे घरान हाय.”